अनुदानाची तगाई

दर वर्षी नोव्हेंबर उजाडला की आमच्या वडिलांची एक ठरलेली फेरी असे. प्राथमिक शाळेत उभे आयुष्य काढून निवृत्त झालेले वडील त्या दिवशी इस्त्रीचा सदरा अंगात घालून, पेन्शनचे पुस्तक आणि चष्म्याचे घर पिशवीत टाकून, आपण अद्याप जिवंत आहोत ही गोष्ट सरकारच्या कानी घालण्याकरिता बँकेत जात. तेथे पाच-पंचवीस सेवानिवृत्तांच्या रांगेत उभे राहून हयातीच्या दाखल्यावर सही करीत. आणि घरी आल्यावर ‘आणखी एक वर्ष मंजूर झाले’ असे आईला हसत सांगत. एका वर्षी डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे ही फेरी चुकली. पुढच्या महिन्यापासून पेन्शन थांबले, दोन महिने घरात थोडी ओढाताण झाली, आणि डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर दाखला दाखल होताच थकलेली रक्कम बिनबोभाट खात्यात जमा झाली. दाखला वेळेवर आला नाही, सबब तुम्ही मृत आहात असे गृहीत धरून आजवर दिलेले पेन्शन आम्ही कर्ज समजतो, ते पहिल्या महिन्यापासूनच्या व्याजासह परत करा, असे काही त्यांना कोणी कळविले नाही. कोणी कळवील अशी कल्पनाही आमच्या मनाला शिवली नसती.

ही कौटुंबिक हकिकत आठवण्याचे कारण असे की, अमेरिकेतील सरकारने शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता जे अनुदान ठेवले आहे, त्याचा दहा-बारा वर्षांचा इतिहास मध्यंतरी वाचनात आला; आणि आपल्याकडे जी गोष्ट कल्पनेतही येत नाही ती त्या देशात, शिकलेल्यासवरलेल्या आणि प्रत्यक्ष वर्गात उभे राहून शिकविणाऱ्या हजारो शिक्षकांच्या वाट्याला, अगदी नियमाला धरून, आलेली दिसली. शिक्षक घडविण्यासाठी सरकारने विद्यार्थ्याला पैसे द्यावेत हा विचार नवा नाही, आणि त्याच्या योग्यतेबद्दल वादही फारसा नाही. वाद आहे तो दुसऱ्याच गोष्टीबद्दल: पैसे आधी द्यायचे आणि सेवा मागाहून घ्यायची, तर मधल्या काळात त्या पैशाला म्हणायचे काय?

२७ सप्टेंबर २००७ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ज्या कायद्यावर स्वाक्षरी केली त्याचे नाव ‘कॉलेज कॉस्ट रिडक्शन अँड ॲक्सेस ॲक्ट’. उच्च शिक्षणाचा खर्च विद्यार्थ्यांना थोडा हलका व्हावा म्हणून केलेल्या या लांबलचक कायद्याच्या पोटात शिक्षकांकरिता एक स्वतंत्र अनुदान होते. ‘टीचर एज्युकेशन असिस्टन्स फॉर कॉलेज अँड हायर एज्युकेशन’ असे त्याचे पूर्ण नाव. आणि त्या शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘टीच’ हा शब्द तयार व्हावा अशी त्याची रचना केली होती, ज्यावरून नाव आधी सुचले असावे आणि अर्थ मागाहून जुळविला असावा, असा संशय घेण्यास जागा आहे. २००८च्या शैक्षणिक वर्षापासून हे अनुदान सुरू झाले. वर्षाला जास्तीत जास्त ४,००० डॉलर. पदवीच्या चार वर्षांत मिळून १६,०००, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी ८,००० ही त्याची कमाल मर्यादा. पुढे सरकारी खर्चात सरसकट कपात करण्याचे धोरण आले तेव्हा या चार हजारांनाही कात्री लागली, आणि काही वर्षे ३,७७२ डॉलर असा, कारकुनाच्या टाकातून उतरल्यासारखा, आकडा विद्यार्थ्यांच्या हाती पडू लागला.

हे अनुदान गरिबीवर अवलंबून नव्हते, हे त्याचे वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. बापाची मिळकत किती, घरात खाणारी तोंडे किती, याची चौकशी या ठिकाणी निर्णायक नव्हती. विद्यार्थी हुशार असावा, म्हणजे चारपैकी सव्वातीन गुणांक तरी त्याने राखलेला असावा, अथवा प्रवेशपरीक्षेत तो वरच्या चौथाईत आलेला असावा, एवढी अपेक्षा होती. ज्याला इतरत्र अधिक द्रव्य मिळू शकेल अशा बुद्धिमान तरुणाला शाळेकडे वळवावे, आणि तेही जेथे कोणी जाऊ इच्छीत नाही अशा शाळेकडे, हा त्यामागील हेतू. म्हणून पैसे हाती पडण्यापूर्वी विद्यार्थ्याने सेवेच्या करारनाम्यावर सही करायची. शिक्षण पूर्ण झाल्यापासून आठ वर्षांच्या आत, चार पूर्ण शैक्षणिक वर्षे, गरीब वस्तीतील मुलांच्या शाळेत, आणि ज्या विषयांना शिक्षक मिळत नाहीत असेच विषय शिकवीन, असे त्यात लिहून द्यायचे. गणित, विज्ञान, परभाषा, वाचनात मागे पडलेल्या मुलांचे विशेष अध्यापन, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नव्हे अशांचे अध्यापन, आणि दिव्यांग मुलांचे शिक्षण हे ते विषय. याखेरीज ज्या त्या राज्यात ज्या विषयांची चणचण असेल त्यांची एक यादी सरकार दर वर्षी प्रसिद्ध करते, तीही ग्राह्य. गरीब शाळा कोणत्या, याचीही अशीच यादी. आणि या अटींपैकी एकही मोडली तर मिळालेली सारी रक्कम कर्ज ठरणार. त्यावर व्याज चढणार. आणि ते चढणार अट मोडल्या दिवसापासून नव्हे, तर पैसे हाती पडल्या दिवसापासून.

आपल्या जुन्या मुलकी कारभारात तगाई नावाचा एक प्रकार होता, हे शेतकऱ्यांच्या घरांतून अजून विस्मरणात गेलेले नाही. विहीर खणायला, बैल घ्यायला, दुष्काळात बी-बियाणे भरायला सरकार रक्कम आगाऊ देई; १८८३ आणि १८८४ या लागोपाठच्या दोन वर्षांत इंग्रज सरकारने तिच्याकरिता दोन कायदेही केले. तगाई वसूल करायला तलाठी दारात उभा राहिला म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळे, हे खरे. परंतु तिच्याविषयी एक गोष्ट कोणी नाकारणार नाही, ती ही की, घेणाऱ्याला ती तगाई आहे हे घेतानाच ठाऊक असे. अमेरिकेच्या या योजनेत विद्यार्थ्याच्या हाती अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी जे पैसे पडत ते अनुदान होते की तगाई होती, याचा उलगडा व्हायला कधी कधी तो तिशीला टेकावा लागे.

हिशेब मांडून पाहिल्याखेरीज या गोष्टीचे गांभीर्य लक्षात यायचे नाही. समजा, एका विद्यार्थिनीला २००८च्या ऑगस्टपासून लागोपाठ चार वर्षे, सोयीसाठी एकरकमी धरू, चार-चार हजार डॉलर मिळाले. २०१२च्या उन्हाळ्यात ती पदवीधर झाली, नोकरीला लागली, आणि २०१४च्या ऑगस्टमध्ये काही कारणाने तिचे अनुदान कर्जात वर्ग झाले. त्या काळी या जातीच्या सरकारी कर्जाचा दर शेकडा ६.८ होता; म्हणजे चार हजारांवर वर्षाचे व्याज २७२ डॉलर. पहिल्या हप्त्याला सहा वर्षे झालेली, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला चार, चौथ्याला तीन. मिळून अठरा वर्षांचे व्याज, म्हणजे ४,८९६ डॉलर. काल संध्याकाळपर्यंत जिच्या डोक्यावर या खात्यावरचा एक सेंटही नव्हता, ती आज सकाळी टपाल उघडते तो २०,८९६ डॉलरांची कर्जदार झालेली असते. आणि तिने मधली दोन वर्षे गरीब वस्तीतल्या शाळेत गणित शिकविलेले असले, तरी त्या दोन वर्षांची वजावट नाही.

येथे थोडे मागे जाऊन पाहणे अवश्य आहे, कारण सरकार आणि होतकरू शिक्षक यांच्यातील देवघेवीचा इतिहास पावणेदोनशे वर्षांचा आहे आणि तो बोधप्रद आहे. इंग्लंडात शिक्षणखात्याची मूळ घडी बसविणाऱ्या जेम्स के-शटलवर्थ यांनी, बॅटरसी येथे १८४० मध्ये स्वतःच्या उमेदीवर अध्यापक-विद्यालय काढून अनुभव घेतल्यानंतर, १८४६ मध्ये सरकारकडून असा ठराव करवून घेतला की, तेरा वर्षांच्या हुशार मुलाला चांगल्या मास्तराच्या हाताखाली पाच वर्षे उमेदवार शिक्षक म्हणून ठेवावे. त्याला पहिल्या वर्षी दहा पौंड, आणि दर वर्षी वाढत जाऊन पाचव्या वर्षी वीस पौंड द्यावेत. मास्तरालाही त्याला शिकविण्याबद्दल वेगळे पैसे द्यावेत. आणि शेवटी परीक्षेत जे वर येतील त्यांना राणीची शिष्यवृत्ती देऊन अध्यापक-विद्यालयात पाठवावे. सुताराच्या पोराने सुताराकडे उमेदवारी करावी तशी ही योजना. तिच्यातली खुबी अशी की, पैसे आणि काम एकमेकांच्या हातात हात घालून चालत. मुलगा आज शिकवी आणि आज घेई. उद्याच्या वचनावर आज रक्कम उचलण्याचा प्रसंग त्यात कमी होता. १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांनी नवी नियमावली आणून, मुलांच्या हजेरीवर आणि परीक्षेच्या निकालावर शाळेला पैसे देण्याचा, वजनकाट्याचा म्हणता येईल असा, व्यवहार सुरू केला आणि उमेदवारांचे थेट सरकारी वेतन बंद केले. तेव्हा स्वतः शाळातपासनीस असलेल्या मॅथ्यू अर्नोल्ड या कवीने आपल्याच वरिष्ठांविरुद्ध लेखणी उचलली, हा एक निराळाच आणि मोठा मनोरंजक अध्याय आहे. पण त्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे.

आपल्या मुंबई इलाख्यातही ट्रेनिंग कॉलेजात पाठविलेल्या मास्तरांना शिकत असता दरमहा विद्यावेतन मिळे, आणि ‘ट्रेन्ड’ आणि ‘अनट्रेन्ड’ या दोन शब्दांनी मराठी मास्तरांच्या दुनियेत पुढे जवळजवळ दोन जातीच पडल्या. मात्र शिकताना चार रुपये देऊन भागत नाही, शिकून झाल्यावर काय देणार ते आधी सांगा, हा प्रश्न महात्मा फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात स्पष्टपणे उभा केला होता. मास्तरांचा पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर जातो ही तक्रार नोंदवून, शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतोवर शेतकरी वर्गातून आलेले असावेत, त्यांना बारा रुपयांपेक्षा कमी देऊ नये आणि मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये द्यावेत, असा हिशेब त्यांनी आकड्यांनिशी मांडला. शिक्षक मिळत नसेल तर त्याच्या प्रशिक्षणाकडे पाहण्याआधी त्याच्या पगाराकडे पाहा, असे त्या निवेदनातून निघते, आणि अमेरिकेच्या काँग्रेसला २००७ मध्ये ते कोणी वाचून दाखविले असते तर बरे झाले असते, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु अमेरिकेला परक्या देशाकडे पाहण्याची गरज नव्हती. तिच्या स्वतःच्याच दफ्तरात याहून शहाणा नमुना पडलेला होता. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक आकाशात सोडला, आणि आपली मुले गणितात आणि शास्त्रांत मागे पडली असल्याचा साक्षात्कार त्या राष्ट्राला झाला. वर्षाच्या आत, २ सप्टेंबर १९५८ रोजी, राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या सहीने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा अमलात आला. त्या कायद्याने विद्यार्थ्यांना वर्षाला हजार डॉलरपर्यंत, एकूण पाच हजारांपर्यंत, शेकडा तीन या माफक व्याजाने कर्ज देऊ केले. आणि पुढे असे म्हटले की, कर्ज घेतलेला विद्यार्थी सरकारी शाळेत शिक्षक झाला तर त्याने शिकविलेल्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा एक दशांश माफ, असे करीत पाच वर्षांत निम्मे कर्ज माफ.

या दोन योजना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. १९५८ची योजना कर्ज देते आणि सेवेच्या प्रमाणात त्याचे अनुदान करीत जाते. २००७ची योजना अनुदान देते आणि सेवा अपुरी पडली तर त्याचे कर्ज करते. अंकगणिताच्या दृष्टीने एखाद्याला हा उजव्या-डाव्याचा फरक वाटेल. तसा तो नाही. पहिल्या योजनेत दोन वर्षे शिकवून जो बाहेर पडला त्याच्या पदरी दोन दशांशांची माफी पडली. त्याच्या दोन वर्षांची किंमत झाली. दुसरीत तीन वर्षे अकरा महिने शिकविणारा आणि एक दिवसही न शिकविणारा एकाच मापाने मोजले गेले. पहिल्या योजनेत मनुष्य कर्जदार म्हणून आरंभ करतो आणि दर वर्षी हलका होतो. दुसरीत तो दानपात्र म्हणून आरंभ करतो आणि आठ वर्षे डोक्यावर टांगती तलवार घेऊन वावरतो. शिवाय पहिलीत शंकेचा फायदा कोणालाच द्यावा लागत नाही; दुसरीत दर वर्षी ‘मी अजून शिकवीत आहे’ हे सिद्ध करण्याचा भार शिक्षकावर येतो. म्हणजे हयातीचा दाखला आलाच.

तो दाखला म्हणजे एक फॉर्म. शाळेचे वर्ष संपल्यावर शिक्षकाने तो भरायचा, मुख्याध्यापकाची सही घ्यायची आणि सरकारच्या वतीने कर्जखाती सांभाळणाऱ्या कंपनीकडे ठरलेल्या तारखेपर्यंत पोहोचता करायचा. ऐकायला यात अवघड काहीच नाही. पण शाळेचे वर्ष संपले की उन्हाळ्याची सुट्टी लागते. मुख्याध्यापक गावी जातात. कोणाचा पत्ता बदललेला असतो, आणि आठवण देणारे पत्र जुन्याच घरी जाऊन पडते. कोणाच्या फॉर्मवर सही असते पण सहीखाली तारीख नसते. कोणाचा लखोटा एक-दोन दिवस उशिरा पोहोचतो. आपल्याकडच्या कचेरीत असा कागद आला तर कारकून चष्मा कपाळावर सरकवून, ‘मास्तर, इथं तारीख राहिली’, असे म्हणतो आणि टाक पुढे करतो. फार तर दुसऱ्या दिवशी यायला सांगतो. तेथे मात्र कागद अपुरा तो आलाच नाही असे धरले जाई, अनुदान कर्जात वर्ग होई, आणि एकदा वर्ग झालेले अनुदान पुन्हा अनुदान होऊ शकत नाही, असा नियम पुढे केला जाई. शिक्षिका वर्गात शिकवीत आहे, मुख्याध्यापक तसे लिहून देण्यास तयार आहेत, हजेरीपट साक्षीला आहे, आणि तरीही ती ‘सेवेची अट न पाळणारी’ ठरते, असा हा न्याय होता.

हे एखाद-दुसऱ्याचे दुर्दैव असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासणी संस्थेने २०१५च्या फेब्रुवारीत जो अहवाल दिला, त्यात १,१२,००० हून अधिक अनुदानधारकांपैकी ३६,००० हून अधिकांची अनुदाने तोवर कर्जात गेल्याचे नमूद आहे. आणि त्यांपैकी २,२५२ जणांची तर ऑगस्ट २०१३ ते सप्टेंबर २०१४ या चौदा महिन्यांत निव्वळ चुकीने गेली होती. पुढे २०१८ मध्ये खुद्द शिक्षणखात्याने करविलेल्या पाहणीचे निष्कर्ष बाहेर आले, तेव्हा २०१४च्या जुलैपूर्वी ज्यांच्या सेवेची मुदत सुरू झाली होती अशांपैकी शेकडा ६३ जणांचे अनुदान कर्ज झाले असल्याचे दिसले. शंभरांपैकी त्रेसष्ट! ज्या अनुदानाचे दोन-तृतीयांशाच्या आसपास कर्ज होते, त्याला अनुदान म्हणणे हा भाषेवरचा अत्याचार नव्हे काय?

या त्रेसष्टांत सारेच कागदाचे बळी होते असे मात्र समजू नये. तसे म्हणणे सत्याला सोडून होईल. पुष्कळ जण शिक्षकी पेशात गेलेच नाहीत, किंवा गेले आणि सोडून आले. काही जणांना शाळा मिळाली ती गरिबांच्या यादीत नव्हती. काही जणांनी गणिताचे शिक्षण घेतले, पण नेमणूक मिळाली ती तिसरीच्या वर्गावर, जेथे एकच शिक्षक सारे विषय शिकवितो. आणि दिवसातला बहुतेक वेळ टंचाईचा विषय शिकविला पाहिजे या अटीत ती नोकरी बसेना. एकोणिसाव्या वर्षी मनुष्याने आपण पुढे कोणत्या गावी, कोणत्या शाळेत, कोणत्या इयत्तेला काय शिकवू, याची हमी द्यावी आणि त्या हमीवर सोळा हजारांचा मुचलका लिहून द्यावा, ही अपेक्षाच मुळात अवास्तव होती. नोकरी देणारा निराळा, म्हणजे स्थानिक शाळामंडळ. आणि अट घालणारा निराळा, म्हणजे वॉशिंग्टनमधले सरकार. ज्याच्या हाती नेमणूक नाही त्याने नेमणुकीची अट घातली की दोघांच्या मध्ये शिक्षक सापडतो.

याच्या अगदी उलट टोकाला इंग्लंड आज उभे आहे. तेथे शिक्षक-प्रशिक्षण घेणाऱ्या पदवीधराला सरकार जे विद्यावेतन देते त्याला सेवेची अट नाही आणि ते परत मागण्याचीही तरतूद नाही. २०२४-२५ या वर्षी गणित, भौतिकी, रसायन आणि संगणक या विषयांना २८,००० पौंड होते, इंग्रजीला १०,०००, आणि त्याच वर्षी इतिहास शिकवू इच्छिणाऱ्याला छदामही नव्हता. बाजारात ज्या मालाची टंचाई त्याला भाव, असा हा सरळ व्यवहार आहे. पैसे घेऊन शाळेचे तोंडही न पाहणारे त्यातून निघतात, आणि त्याबद्दल तेथील करदाते अधूनमधून कुरकुरतात; पण सहीखाली तारीख घालायला विसरल्यामुळे कोणी कर्जबाजारी होत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सारे वाचताना एक चमत्कारिक जाणीव होणे शक्य आहे, ती अशी की, आपला रोग याच्या नेमका उलट आहे. तेथे शाळा शिक्षकाला शोधते. येथे शिक्षक शाळेला शोधतो. आपल्याकडे डी.एड. किंवा बी.एड. करणाऱ्याला सरकारी साहाय्य मिळते ते तो शिक्षक होणार म्हणून नव्हे, तर तो अनुसूचित जातीचा, मागासवर्गीय किंवा कमी उत्पन्नाच्या घरचा आहे म्हणून. हाच विद्यार्थी वाणिज्य शाखेला गेला असता तरी अर्ज त्याच महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागला असता. त्याच्याकडून सेवेचे वचन कोणी घेत नाही, आणि घेऊन करणार काय, जागा कोठे आहेत? पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले, ‘पवित्र’ पोर्टलवर नाव नोंदवून भरतीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसलेले छात्राध्यापक गावोगाव आहेत. आणि ज्यांना जागा मिळते त्यांना २००० साली सुरू झालेल्या पद्धतीप्रमाणे पहिली तीन वर्षे पगारावर नव्हे, तर शिक्षणसेवक म्हणून मानधनावर राहावे लागते. हे मानधन २०२३ मध्ये वाढले तेव्हा ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले. अमेरिका भावी शिक्षकाला आगाऊ पैसे देऊन चार वर्षांची सेवा लिहून घेते. आपण त्याला आगाऊ काही न देता तीन वर्षांची सेवा कमी पैशांत घेतो. मराठीत याला विद्यावेतन म्हणावे की वेतनविद्या, हे वैयाकरणांनी ठरवावे.

अमेरिकेच्या गोष्टीचा उत्तरार्ध पुरा करणे राहिले आहे. २०१८ मध्ये नॅशनल पब्लिक रेडिओ या संस्थेच्या वार्ताहरांनी या शिक्षकांच्या हकिकती एकामागून एक लोकांपुढे मांडल्या. शाळेच्या रिकाम्या वर्गात बसून, आपण सही करून पाठविलेल्या फॉर्मच्या प्रती समोर पसरून बोलणाऱ्या त्या बायाबापड्यांचे आवाज देशभर घरोघरी ऐकू गेले, आणि जे काम अहवालांनी झाले नव्हते ते त्या आवाजांनी केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शिक्षणखात्याने माघार घेतली: ज्यांनी प्रत्यक्ष सेवा केली आहे पण ज्यांची अनुदाने केवळ कागदपत्रांच्या दोषाने कर्ज झाली, त्यांनी अर्ज करावा, त्यांचे कर्ज पुन्हा अनुदान केले जाईल. एकदा झाले ते फिरत नाही, हा नियम मनात आणल्यावर फिरला. २०२१च्या जुलैपासून नवी नियमावली लागू झाली. तिच्याप्रमाणे वार्षिक दाखला आला नाही एवढ्या कारणाने आता अनुदान कर्ज होत नाही. अनुदानधारकाने स्वतःच तशी मागणी केली, किंवा उरलेल्या मुदतीत चार वर्षांची सेवा बसणेच अशक्य झाले, तरच ते होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात काँग्रेसने ‘कन्सिडर टीचर्स ॲक्ट’ नावाचा कायदा करून, ज्यांची अनुदाने अशी परत मिळाली त्यांची मधल्या गोंधळात वाया गेलेली वर्षे भरून निघावीत म्हणून त्यांना सेवेची मुदत वाढवून दिली.

चौदा वर्षांच्या अनुभवानंतर ते बलाढ्य सरकार, दाखला चुकला तर रक्कम थांबवा पण मनुष्य मेला असे समजू नका, या आमच्या बँकेतल्या साध्या शिरस्त्याशी येऊन पोहोचले. १९५८च्या कायद्यातला दशांशाचा हिशेब मात्र या सुधारणांत परतलेला नाही. तीन वर्षे गरीब वस्तीत गणित शिकवून चौथ्या वर्षी ज्याने कायमची शाळा सोडली, त्याला ती सारी रक्कम आजही, प्रत्येक हप्ता हाती पडल्या दिवसापासूनच्या व्याजासकट, भरावी लागते.